डिकीची डावी बाजू

ती. ताईस,

गुडघे वाकतायत तोवर वाकून, आणि पुढे उभ्यानेच, पण मनापासून नमस्कार.

एका गाडीच्या पाठीला खरा खर्च काय आला, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं मन घट्ट राहील. अकरा आठवडे. दीडशे किलो माती (कुंभाराची नव्हे, गाड्यांचे आकार करायची तपकिरी, मेणासारखी माती असते, तापवली की लोणी, गार झाली की दगड). घरातला ओव्हन, कारण माती तापवायला दुसरं काही नव्हतं आणि आता त्यात काहीही भाजलं तरी गंधकाचा वास येतो. तुझ्या भावजयीच्या कपाटाचा आरसा. आणि एक मुलगी. मुलगी सध्या तुझ्याकडेच आहे, म्हणून तिचा हिशेब शेवटी करू.

बाकी आम्ही ठीक. तुझा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तू लिहिलं नाहीस. आमच्या धंद्यात त्यावर फार अवलंबून असतं (चढावर आवाज आला तर बिघाड वेगळा, उतारावर आला तर वेगळा). दाजींना माझा नमस्कार सांग, मोठ्याने. कानातलं यंत्र आल्यापासून त्यांना शेजाऱ्याचं खोकणं ऐकू येतं आणि तुझं बोलणं तेवढं येत नाही, हे वाचून आम्ही दोघं बराच वेळ हसलो. माणसाने कान सांभाळावेत. माझंच बघ. एकतीस वर्षं हातोड्यांच्या मधे उभा आहे, तरी दोन गल्ल्या पलीकडे गाडी वळली की इथून सांगतो, पट्टा सैल आहे. हे वर्कशॉप या दोन कानांवर उभं राहिलंय. शिक्षणावर उभं राहिलं नाही हे तुला सांगायला नको, माझं दप्तर तूच उचलायचीस. मला मरेपर्यंत यंत्र लागणार नाही, हे दाजींना लिहून दाखव.

तर गाडी. आमच्याकडे भुलीच्या एक डॉक्टरीणबाई येतात. साठीच्या आहेत, जन्मभर लोकांना हळू आवाजात झोपवत आल्या. त्याचा वचपा काढायचा म्हणून की काय, त्यांनी एक जुनी मसल कार घेतली. म्हणजे दारं दोनच, नाक लांबलचक, नाकाखाली ट्रकला पुरेल एवढं इंजिन, आणि ब्रेक केवळ शोभेला. आतलं सगळं नवं घालायचं आणि बाहेरून जुनी ओळख ठेवून आजची करायची, असं काम. पुढच्या बाजूबद्दल बाईंचं काहीच म्हणणं नव्हतं. मागच्या बाजूबद्दल मात्र त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "मला पुढून कोण बघणार आहे? मी पुढे निघून गेल्यावर लोकांना पाठच दिसणार." असं गिऱ्हाईक दहा वर्षांत एकदा येतं, ताई. बाकीचे येतात आणि विचारतात, पावसात गळणार नाही ना.

आता तुझी भाची. तीन वर्षं गाड्यांचे आकार करायला शिकून आली. वर्कशॉपात तिला सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण खिशात कायम स्टीलची पट्टी असते, आणि घरातला पडदा एका बाजूने सहा मिलिमीटर उतरलाय हे आईला सांगितल्याशिवाय तिला घास गिळत नाही. (पडदा मी लावला होता.) जुन्या गाडीच्या पाठीला दोन्हीकडे तीन-तीन उभे लाल दिवे होते. माझं म्हणणं, ते तसेच ठेवायचे, फक्त मोठे करायचे, विहिरीसारखे खोल बसवायचे, वर पत्र्याला पैलवानाच्या खांद्यासारखा फुगवटा द्यायचा. शेपूट जड पाहिजे. तिचं म्हणणं, दिव्यांची आठवण ठेवायची, नक्कल करायची नाही. सगळी पाठ काळी गुळगुळीत, आणि ब्रेक दाबला की त्या काळ्यातून तीन बारीक लाल रेघा उमटल्या पाहिजेत. मी म्हटलं, हे गाडीचं मागचं अंग आहे की ताप मोजायचं यंत्र? ती म्हणाली, "बाबा, तुमच्या बाजूने गाडी बसल्यासारखी दिसते. माझ्या बाजूने निघाल्यासारखी." हे तिने पंधरा माणसांसमोर म्हटलं आणि त्यातली दोन हसली. कोणती दोन, ते मला आवाजावरून कळलं.

याच सुमारास तुमच्या शहरातल्या त्या मोठ्या मोटार कंपनीचं नोकरीचं पत्र तिला आलं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, पत्र मात्र आठ दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकून उभं होतं. शेवटी तिनेच पैज लावली. पाठीचा अर्धा भाग मी करायचा, अर्धा तिने. गिऱ्हाइकाने तिचा निवडला तर ती इथेच राहणार, खिडकीजवळचं टेबल तिचं, आणि वर्कशॉपातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचा आकार ती ठरवणार. माझा निवडला तर इथे तिची गरज नाही, ती कंपनीत जाणार. म्हणजे जिंकलो तर मुलगी जाते आणि हरलो तर अब्रू. तुझ्या भावजयीने तेव्हाच सांगितलं होतं, "शहाणे असाल तर वाईट करा." पण हातात माती आली की माणूस शहाणा राहत नाही. मी आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम त्या डाव्या बाजूला आहे.

हो, डावी माझी, उजवी तिची. मातीचा नमुना असाच करतात, अर्धा-अर्धा. मधोमध आरसा उभा केला की ज्या बाजूला आरशाचं तोंड, ती अर्धी पाठ आरशात पुरी होऊन दिसते. एवढा मोठा आरसा फक्त आमच्या कपाटाला होता. तो काढून लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, बसवला, घोड्याला चाकं लावली. तेव्हापासून तुझी भावजय वेणी घालायला वर्कशॉपात येते, आणि मातीच्या डिकीकडे बघून रोज काहीतरी बोलून जाते. त्या घोड्याचं एक चाक वळवताना वाजतं. तिच्या मते ते किंचाळतं आणि गल्लीतली कुत्री उठतात. मला तर जेमतेम कुरकुर वाटते. मोठ्या इंजिनांना सरावलेल्या कानाला असल्या बारीकसारीक गोष्टींचं काय.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघांनीही समोर थांबायचं नाही असं ठरलं. (तिचं म्हणणं, मी चेहरा करतो.) ती घरी आईजवळ बसली. दाखवायला फक्त बरंभाऊ. हा आमचा पत्र्याचं काम करणारा. बावीस वर्षांत त्याच्या तोंडून "बरं" सोडून दुसरं काही कोणी ऐकलेलं नाही. हात सोन्याचे, आणि सांगितलं ते करणार, त्याच्या पुढेही नाही आणि मागेही नाही. त्याला सांगितलं, आधी आरसा माझ्या बाजूला ठेव, मग वळवून तिच्या बाजूला. मी रंगाच्या खोलीत दाराआड उभा राहिलो. उजव्या हाताला कॉम्प्रेसर धडधडत होता, म्हणून डावा कान दाराला लावला. बाई आल्या. थोडा वेळ शांतता. मग त्यांचा आवाज, स्वच्छ: "हेच. असंच करा." लगेच त्यांचा फोन वाजला, कुणाला तरी झोपवायचं होतं, त्या धावतच गेल्या. आता तूच विचार कर. चाक वाजलं नव्हतं, म्हणजे आरसा वळलाच नव्हता, म्हणजे आरशाचं तोंड माझ्याच बाजूला होतं. दुसरी बाजू बघायचीसुद्धा बाईंना गरज वाटली नाही. मी शोभेल एवढा, म्हणजे साधारण एक मिनिट, थांबलो आणि घरी जाऊन निकाल सांगितला. बरंभाऊला बजावलं, डावी बाजू, जशी आहे तशी, पत्र्यात उतरव. तो म्हणाला, बरं.

तुझी भाचीही म्हणाली, "बरं." बरंभाऊच्या तोंडी हा शब्द बरा वाटतो, तिच्या तोंडी नाही. ती पुन्हा वर्कशॉपात आली नाही. तीन आठवड्यांनी बॅग भरून तुझ्याकडे आली, पुढचं तुला माहीत आहे. सोमवारी ती कंपनीत हजर होईल.

तेव्हा ताई, मी जिंकलो. वर्कशॉप शांत आहे. चार मिलिमीटरवरून कोणी हुज्जत घालत नाही. ती गेल्यापासून मी एकदाही चुकलेलो नाही, आणि त्याचा मला आता कंटाळा यायला लागलाय. तिला रस्त्याकडची खोली दे. खिडकीतून गाड्या दिसल्या की ती नीट जेवते.

तुझा धाकटा

ता. क. वरचं पत्र बुधवारी लिहिलं. पाकीट सापडेना म्हणून राहिलं, ते एका अर्थी चांगलंच झालं. आज शुक्रवार. बरंभाऊ काम पुरं होईपर्यंत त्यावर कापड टाकून ठेवतो, कोणाला बघू देत नाही. आज डॉक्टरीणबाईंसमोर त्याने कापड ओढलं. ताई, डावीकडे माझ्या तीन विहिरी आणि पैलवानाचा खांदा. उजवीकडे काळी गुळगुळीत पाठ आणि तीन रेघा. दोन्ही इतक्या सफाईने मधे जोडलेल्या की नखाला सांधा लागू नये. गाडी मागून एक डोळा मिटल्यासारखी बघत होती. मग बाई म्हणाल्या, "उजवी अगदी बरोबर आहे. डावीला काय झालं?" मी बरंभाऊकडे बघितलं. बावीस वर्षांत प्रथमच तो एवढं लांब बोलला: "बाईंनी उजवी सांगितली, मालकांनी डावी. दोघांनाही बरं म्हटलं होतं."

मी म्हटलं, शक्य नाही, आरसा वळलाच नव्हता, चाक वाजलं असतं. हे मी ठासून सांगत असताना समोर बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बरंभाऊनेही ठेवले. मला कळेना यांना झालंय काय. मागे वळून बघतो तर तुझी भावजय शांतपणे आरशाचा घोडा फिरवत होती, या बाजूकडून त्या बाजूकडे.

बाई माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी म्हणाल्या असाव्यात, कारण सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

ता. क. २. आता मुद्द्याचं. बाईंना दोन्हीकडे उजवीसारखंच हवंय, आणि उजवीची मापं तुझ्या भाचीच्या लॅपटॉपमध्ये आहेत. तिला म्हणावं, मापं द्यायला म्हणून तेवढी ये. (मापं फोनवरूनही पाठवता येतात, हे तिला ठाऊक आहे. मलाही आहे. तरी असंच म्हण.) खिडकीजवळच्या टेबलावरचे रंगाचे डबे मी आज स्वतः उचलले. टेबल एका बाजूने सहा मिलिमीटर उतरलंय, ते मुद्दाम तसंच ठेवलंय, आल्यावर तिला काहीतरी बोलायला हवं. फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन तीच उचलते, आणि "तू जिंकलीस" हे माझ्या तोंडून निघेल की नाही याची मला खात्री नव्हती. तू वाचून दाखव. पण सोमवारच्या आधी. हे पत्र उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल असं कुरिअरवाल्याने दोनदा सांगितलंय (पहिल्यांदा मी डाव्या बाजूने विचारलं होतं).

ता. क. ३. बुधवारचं ते कानांचं दाजींना लिहून दाखवायचं राहू दे. बाईंनी मला दुपारीच आपल्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दाजींनी यंत्र कोणत्या दुकानातून घेतलं, त्याचा पत्ता कळव. डाव्या कानाने मला निम्मंच ऐकू येतं.