आवाज पडतो ती जागा

बाबा, उद्या सकाळी माझा पेपर आहे आणि मी अभ्यास सोडून तुम्हाला लिहीत बसले आहे. हसू नका. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी लॉ कॉलेजात गेले. आमच्या विचुंब्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी भर मीटिंगमध्ये मला म्हणाला, "काकू, कायद्याचं राहू द्या, तुम्ही हळदीकुंकवाचं बघा." तुमचे जावई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, हेही त्या गाढवाच्या लक्षात नव्हतं. त्याच वर्षी मी प्रवेश घेतला. बाकीचे विषय सुटले, करार कायद्यात मात्र केटी लागली, तीही दोनदा. उद्या सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला बसू देणार नाहीत. मुलगा बंगळुरूहून म्हणतो, "आई, बास झालं ना आता, इकडे ये." इकडे म्हणजे त्याच्या हॉलमधल्या सोफ्यावर. जायचं नसेल तर मला इथे काहीतरी काम असायला हवं, आणि माझ्याकडे एवढं एकच काम आहे.

कॉलेजात एका ताईंनी आमचं सत्र घेतलं होतं, आपण कसे शिकतो ते ओळखा म्हणून. ताई माझ्या मुलाच्या वयाच्या. प्रश्नांना टिकमार्क करायला लावले आणि निकाल दिला, "मॅडम, तुम्ही डोळ्यांनी शिकता." ठीक आहे. मी रंगीत पेनं आणली, तक्ते काढले, फ्रिजवर चिकटवले. दूध काढताना प्रस्ताव, भाजी ठेवताना स्वीकृती. फ्रिज सुंदर दिसला आणि मी पुन्हा नापास झाले. बत्तीस टिकमार्कांत एकदाही कुणी विचारलं नाही, की तुम्हाला ऐकणारं कोण आहे.

मग मागच्या महिन्यात पाण्याच्या फिल्टरचा मेकॅनिक आला. वर्षभराची देखभाल त्यानेच कबूल केलेली, आणि आता म्हणतो, "तसं काही ठरलं नव्हतं, मॅडम." मी त्याला दारातच धरला. तू काय देऊ केलंस, मी काय मान्य केलं, त्या बदल्यात काय दिलं, आणि आता तुला मागे का फिरता येत नाही, सगळं जिन्यात उभी राहून मोठ्याने सांगितलं. समोरच्यांचं दार किलकिलं झालं. तो बिचारा म्हणाला, "ओरडू नका हो, कळलं मला." मी म्हटलं, "तुला नाही रे, मला कळलं!" आणि खरंच, आत येऊन बसले तर अख्खं प्रकरण तोंडपाठ. तेव्हा तुमची भाताची गिरण आठवली.

शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन येते, गोणीवर बसते. केसांत तूस, नाकात तूस. गिरण धडधडतेय आणि मी घसा फोडून धडा सांगतेय, इंग्रजीतला आपल्या बोलीत करून. "झाडं सैपाक करतान? मंग चूल कंची?" तुम्ही विचारता, आणि मला सूर्याला चूल करावं लागतं. मध्येच तुमचा हात वर होतो. "फिरून सांग." आणि दर वेळी नेमकं तिथेच, जिथे मला कळलेलं नसतं! मला वाटायचं, बाबांना सगळं येतं, नुसते मला तपासतात. तसं विचारलं तेव्हा तुम्ही डबा पुसत म्हणालात, "मना कशाला येतंय? तू कच्ची असलीस का हलू बोलतेस. मंग गिरण तुजा बोलना खाते."

एवढंच होतं ते. आणि तिकडे कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मला दातांत पेन्सिल धरायला लावायच्या. ओठ हलवत वाचणारी मुलगी मंद असते, असं त्यांचं मत. चांगल्या मुली मनात वाचतात. पेन्सिलीच्या रंगाची कडू चव अजून जिभेवर आहे, आणि त्यांचा राग अजून गेलेला नाही, जाऊही देणार नाही. पुढे नोकरीतही प्रत्येक सर्क्युलर मी बाथरूममध्ये जाऊन पुटपुटत वाचलं, चोरी करावी तसं.

आता चोरायचं कुणापासून? घरात मोठ्याने बोलले तरी ऐकायला कुणी नाही; तुम्ही नाही, तुमचे जावई नाहीत. मुलाला फोनवर एक प्रकरण सांगून पाहिलं. "हं, हं, ऐकतोय," म्हणाला, मागे कीबोर्डची टकटक. मुद्दाम एक कलम चुकीचं सांगितलं. "हं." फोन ठेवला. मग मिक्सर लावून पाहिला, रिकामा. तुमच्या गिरणीएवढा नाही, पण बरा गरजतो. त्याच्यावर आवाज चढवून बोलायचं. जिथे माझं मलाच ऐकू आलं नाही, तिथे थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. पंधरा दिवस हेच चाललंय. खालच्या मजल्यावरून निरोप आला, "काकू एवढी चटणी कुणासाठी वाटतात?"

आज दुपारी शेवटचं प्रकरण घेतलं. एकाने दुसऱ्यासाठी काही केलं, दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर करार झालेला नसला तरी भरपाई द्यावी लागते. पण करणाऱ्याने ते फुकट म्हणूनच केलं असेल, गिरण चालवता चालवता पोरीचा धडा ऐकावा तसं, तर काहीच देणं लागत नाही. इथे माझा आवाज पडला. मिक्सरने शेवटचे शब्द खाल्ले. मी बटण बंद केलं आणि उभी राहिले, ओट्याला धरून, तुमचा हात वर होईल म्हणून.

पुन्हा वाचायची गरज नव्हती, बाबा. हे कलम मला पहिल्याच वाचनात कळलं होतं.