हिरव्यावर आळ

२७ ऑक्टोबर १८९९
जावयाला जंगल हिरवं हवं. नोव्हेंबरच्या शेवटी प्रदर्शनात टांगणार. फोटो साधा काळा का नको, विचारलं तर रूपर्ट म्हणे, "सासूबाई, ही कला आहे." बरं. डिंकात रंग खलायचं काम माझंच. आज पाच रंग खलून कागदाच्या पट्ट्यांवर ओढले, वाळवले, धुतले. निळ्याने कागद डागाळला — बाद. हिरवा आणि तपकिरी साफ निघाले. हिरवा घेतला.

व्हिएन्नातलं या दिवसांतलं ऊन म्हणजे नुसतं नाव. डिंक धरत नाही. उन्हाने तो कागदावर घट्ट बसावा म्हणून त्यात नारिंगी मीठ घालतात; रूपर्ट एक चमचा सांगतो, मी दोन घातले. छाप झटकन उठला. "आज ऊन पावलं!" म्हणाला. दुसऱ्या चमच्याचं मी त्याला कळू दिलं नाही.

४ नोव्हेंबर
माझ्या लेकीच्या, पोल्डीच्या, बोटांवर फोड. छाप तीच धुते.

९ नोव्हेंबर
फोडांची भोकं झाली. लेक दुकानासाठी हातमोजे शिवते, तिला सुई धरवेना. हिरव्यात विष असतं, भिंतीला लावून माणसं मेलीत. बरणी राखेत ओतली. रूपर्ट म्हणाला, "पुन्हा माझ्या सामानाला हात लावून असं काही केलंत, तर गाडीत बसवून गावी धाडीन."
"जंगल तपकिरी कर," मी म्हटलं. "पानगळ आहे म्हण."

१३ नोव्हेंबर
तपकिरी रंग, चार छाप. मीठ दोन चमचेच. भोकं आणखी खोल. मग हिरव्याने काय केलं होतं?

१४ नोव्हेंबर
खालची फ्राऊ नावराटिल आली होती. नवरा कातडी कमावतो. पोल्डीचा हात उलटासुलटा करून म्हणाली, "अगं, असले हात आमच्या घरी रोज जेवायला बसतात. आमच्यासारखंच नारिंगी मीठ वापरता ना? जितकं जास्त, तितकं खातं. रंग बिचारा काय करणार?"
तिला कॉफीसुद्धा विचारली नाही मी.

१५ नोव्हेंबर
मीठ एक चमचा. छाप उठायला दुप्पट वेळ. रूपर्ट ढगांना शिव्या देतोय. छाप मी धुतले, हाताला मेणकापड गुंडाळून.

१६ नोव्हेंबर
सांगायला हवं. गावी आता माझं कोण आहे?

१७ नोव्हेंबर
पोल्डीची पट्टी बदलताना सांगून टाकलं. तिने हात काढून घेतला नाही.
"माहीत आहे, आई. दुसरा चमचा पहिल्याच दिवशी पाहिला. मिठानेच होतंय, तेही कळलं होतं. बोलले असते, तर त्याने तुला गाडीत बसवलं असतं."