तळाचा टिळा

दौलतगंज, ग्वाल्हेर
४ नोव्हेंबर २०२५

चि. तन्वीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला अर्धे ऐकू येत नाही आणि तुझे बाबा तो मोठ्या आवाजावर लावतात, मग सगळे घर ऐकते. म्हणून पत्र. चौथीतून घरी बसवलेल्या बाईचे अक्षर आहे, हसू नकोस. मुरैन्याची तिळाची गजक आली बाजारात. तुझ्यासाठी बांधून ठेवली होती, तुझ्या बाबांनी, गुरुप्रसादने, फोडलीसुद्धा.

आता खरे सांगते. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. ज्या भांड्याने जेवू घातले त्याला तोंडाने भंगार म्हणायचे नाही. गेरूचा टिळा लावून गुपचूप दाराआड ठेवायचे, रविवारी घरच्या पुरुषाने कबाड्याला द्यायचे, आणि कोणी काही विचारायचे नाही. सासूबाई गेल्यापासून टिळा मीच लावते. परवा तुझ्या आजोबांचा फिरकीचा तांब्या दिसेना. घर पालथे घातले. गुरुप्रसाद म्हणतो, आई, टिळा होता, मीच दिला दौलतसिंह कबाड्याला. त्याआधी पुरणयंत्र गेले, ठोक्याचे पातेले गेले. सगळ्यांवर टिळा. मला एकही लावल्याचे आठवत नाही ग.

तुझ्या आईने किल्ल्या आपल्याकडे घेतल्या. गॅसपाशी एकटीला जाऊ देत नाहीत. अठ्ठावीस तारखेला डॉक्टरला दाखवायचे आहे, भूलने की बीमारी म्हणून. दर्पण कॉलनीतल्या नव्या फ्लॅटवर गेल्यावर मला स्वयंपाकघर द्यायचे की नाही, ते डॉक्टरच्या बोलण्यावर ठरणार. तुझ्याशी पैज लावून पन्नास पुरणपोळ्या लाटणारी मी. खरेच विसरते आहे की काय? तूच सांग.

बाकी क्षेम. स्वेटर घालत जा. माया आहे तेवढी राहो.
तुझी आजी

पुणे
११ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
तन्वीचा शि. सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचले. तू विसरतेस की नाही, ते इथे बसून मला सांगता येणार नाही, खोटा धीर देत नाही. पण माझ्या कामातले एक सांगते.

मी डेंग्यूचा विषाणू बघते. आपल्या पेशीत हजारो प्रथिने कामाला असतात. एखादे जुने झाले, बिघडले की पेशीच त्याला छोट्या खुणा चिकटवते. खूण दिसली की पेशीतली एक चक्की त्याचे तुकडे करते. ती चक्की काही विचारत नाही, अगदी बाबांसारखी. आत एक प्रथिन पहारेकरी असते, कोणी शिरले की आतल्या आत वर्दी देणारे. विषाणू आला की ते नाहीसे होते. विषाणूकडे स्वतःची चक्की नसते, आजी. तो पेशीच्याच खूण लावणाऱ्याला हाताशी धरतो आणि धडधाकट पहारेकऱ्यावर खूण लावून घेतो. बाकीचे पेशी आपल्या हातांनी करते.

सुरुवातीला आम्हाला काहीच सापडत नसे, कारण खूण लागली की वस्तू फस्त. मग आम्ही औषध घालून चक्कीच बंद पाडतो. पहारेकरी साठून राहतात, अंगावरच्या खुणांसकट. मग खूण नीट तपासता येते.

तू पण हेच कर. टिळे लागू देत, फक्त सामान बाहेर जाऊ देऊ नकोस. दोन रविवार. कोणाला सांगू नकोस. मग टिळे बघ. सगळे तुझेच निघाले तर तेही कळेल. मग मी सुट्टी काढून येईन आणि आपण दोघी मिळून डॉक्टरकडे जाऊ. भीती वाटते आहे ना? मलाही.

उत्तराकडे डोळे लावून आहे. प्रेम आहेच, ते धरून ठेव.
तुझी तन्वी

दौलतगंज
२४ नोव्हेंबर २०२५

चि. तन्वीस,
आजीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद, आज डावा हातही खूश आहे. वि. वि. तुझी चक्की बंद पाडली. दौलतसिंहला खिडकीतून सांगितले, दोन इतवार येऊ नकोस. घरात सांगितले, बिचाऱ्याचा गुडघा धरला आहे. तो काल ठणठणीत चालत दाल बाजारकडे निघालेला दिसला, मीच पडद्याआड झाले.

आठ-दहा दिवस मला घास गोड लागला नाही. रोज वाटे, जाऊन बघावे. बघितले नाही. काल सगळे झोपाळले होते तेव्हा दाराआड बसले. फुटकी बादली, बिनदांड्याची कढई, आणि दोन वस्तू ज्या मी जन्मात देणार नाही: पितळी परात आणि मोठा डबा. चौघांवर टिळा. एकेक उलटे केले. बादली, कढई, दोघींना तळाला टिळा, बारीक, माझ्याच करंगळीशेजारच्या बोटाचा. सासूबाई सांगत, ज्या तोंडाने जेवू घातले तिथे गेरू लावू नये. परात आणि डब्याचा तळ कोरा. टिळा वर काठावर, जाड, अंगठ्याचा. आणि त्यात आडवी कोरी रेघ.

ती रेघ मला माहीत आहे ग. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुझ्या आईचा अंगठा विळीवर चिरला होता, हळद मीच दाबली होती.

तुझी आई चहा घेऊन आली. मी परात पुढे केली आणि एवढेच म्हटले, “सीमंतिनी, टिळा तळाला लावतात.”

चहा तसाच राहिला. खाली बसली आणि रडली. म्हणाली, फ्लॅटमध्ये दोन फळ्या आहेत, आणि मी प्रत्येक भांड्याला राहू दे, राहू दे म्हणते. दोन-चार गेली तर मला कळणारही नाही असे तिला वाटले. मग गुरुप्रसादने बीमारी काढली आणि हिची जीभ उचलेना. त्याचा मला राग आला, तुझ्यापासून लपवत नाही. भांडी नेलीस ते नेलीस, माझा माझ्यावरचा विश्वासही नेलास, असे बोलले मी. रात्री ताटावर तिने स्वतः गुरुप्रसादला सांगितले. तो किती वेळ भात कालवत बसला. डॉक्टरची तारीख तिनेच रद्द केली, आणि किल्ल्या माझ्या उशाशी आणून ठेवल्या.

खरे म्हणजे मीही राहू दे फार म्हणते. म्हणून गेरूची वाटी आता तिच्या हातात दिली. टिळा ती लावेल, पण आधी मला विचारून, तोंडाने. रीत मोडली, सासूबाई वर बघून घेतील. तुझ्या विषाणूला विचारायला शिकवणारे कोणी नाही, त्याचे तूच बघ.

तांब्या मात्र गेला. दौलतसिंह म्हणतो, भट्टीत वितळला असेल आतापर्यंत. त्याचे झाकण साडेतीन वेढ्यांत बसायचे, शेवटच्या अर्ध्या वेढ्याला जरा अडायचे, मग तुझे आजोबा हूं म्हणायचे. बघ, सगळे आठवते आहे.

गजक नवीन बांधली आहे. ये, आणि माझ्यावर जीव आहे तसा असू दे.
तुझी आजी