चौदाव्या रकान्यातला भाचा

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकवायला या खोलीत जमीन शिल्लक नाही, सगळीकडे आत्याचे कागद पसरलेत. तूर्त पाच अंगांवर भागवून घ्या, उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत.) तुमचा गुडघा, मामींचं ब्लडप्रेशर आणि आपल्या कॉलेजची मागची भिंत, तिन्ही अजून जागच्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ठीक आहे.

मामा, माझं जे काही व्हायचं ते अडीच महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी झालं. कराच्या कचेरीत सहा नंबरच्या खिडकीपुढे उभा राहून मी आत्याच्या अर्जातल्या चौदाव्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. दोन अक्षरं. त्याच्या आधीचा मी आणि नंतरचा मी यांत एवढाच फरक आहे की आधीच्याला भूक लागायची.

थोडं मागे जातो. सेकंड इयर अर्धवट सोडून, त्या जाड भुवयांच्या सरांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून मी बाहेर पडलो, तेव्हा तुम्ही ऑफिसच्या दारात उभे होतात. मला वाटलं होतं, माझ्यामागे निदान काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. तुम्ही हेडक्लार्कच्या आवाजात एवढंच विचारलंत, "लायब्ररीचं पुस्तक परत केलंस का?" (केलेलं नाही. आत्ता माझ्या उशाशी आहे.) मग बाबांनी, रागाच्या भरात माणूस एखादी वस्तू जितकी लांब फेकू शकतो तितकी लांब मला फेकली, म्हणजे परदेशात, आत्याकडे. आतोबा जाऊन चार वर्षं झाली, आत्या एकटी असते, तिला सोबत होईल, असं चारचौघांत सांगायचं ठरलं. आत्या मात्र चारचौघांतली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने बुटाच्या नाडीने बांधलेली एक निळी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "रिकामा आहेस ना? मग ही धर."

फाइलीतला मजकूर असा (कागद पुरे करण्यातच चार-साडेचार महिने गेले). आत्याने तुमच्याकडे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लाइनी जोडल्या. त्याची पेन्शन तुमच्याकडून येते आणि आत्या राहते इकडे, आतोबांच्या घरात. यात तिचा काही गुन्हा आहे असं तुम्हाला-मला वाटणार नाही, पण खात्यांना तो दिसतो. तुमच्याकडचं खातं पेन्शन निघतानाच कर कापून घेतं आणि इकडचं खातं ती पोचल्यावर कापतं. एकच ऊस, दोन चरक. आता, असं करायचं नाही असा दोन्ही सरकारांत करार आहे, पण करार हा जावयासारखा असतो, बोलावल्याशिवाय येत नाही. इकडच्या कचेरीने शिक्का मारून द्यायचा की ही बाई आमच्यात राहते, आमच्यात कर भरते. तो कागद तुमच्याकडच्या खात्याला धाडायचा. मग ते कापणं थांबवतात आणि आजवर कापलेलं परत करतात. आणि शिक्का कधी मिळणार, तर अर्जातले सगळे रकाने कचेरीच्या मनासारखे भरलेले असतील तेव्हा.

परत मिळणाऱ्या पैशांत बाजूला ठेवलेले थोडे घालून आत्या कानाचं मशीन घेणार आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता तिला दारावरची बेल ऐकू येत नाही. (मी किल्ली विसरलो होतो त्या दिवशी दोन तास जिन्यात बसून हे शिकलो.) कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी फाइलीत सगळ्यांत खाली आहे. तिच्या कोपऱ्यात आत्याच्या अक्षरात लिहिलंय : शिक्का मिळाल्यावर.

आता कचेरी. एकमेकांना जखडलेल्या खुर्च्या, भिंतीवर बंद घड्याळ, दारात नंबराची चिठ्ठी देणारं मशीन. तुमच्या ऑफिसात निदान तुम्ही असता, इथे कोणीच कोणाचा मामा नाही. आठ खिडक्यांपैकी तीन उघड्या. मला सहा नंबर मिळाला आणि मामा, सहा नंबरला ती होती. ती दिसायला कशी आहे हे मी लिहिणार नाही, कारण तुम्ही ते मामींना वाचून दाखवाल. एवढंच सांगतो की कागद हातात आला की ती त्याची थप्पी टेबलावर तीनदा आपटून कडा सारख्या करते आणि मग फूटपट्टी धरून ओळ न ओळ वाचते. घाईघाईत काहीच वाचत नाही. माझ्या आयुष्यात आजवर कोणीही माझं काही शेवटपर्यंत वाचलेलं नाही (तुम्ही हे पत्र वाचताय की चाळताय?). ती फूटपट्टी एकेक ओळ खाली सरकत होती आणि माझं काळीज तिच्याबरोबर.

सरकत सरकत पट्टी चौदाव्या रकान्यावर येणार, तेवढ्यात मला दिसलं. 'अर्जदारावर अवलंबून असणारी व्यक्ती'. त्यापुढे आत्याने पेन्सिलीने, मी नंतर शाईने गिरवावं म्हणून, लिहून ठेवलं होतं : भाचा. खरं तर ते खोटं नव्हतं. चहा आत्याचा, चादर आत्याची, खिशातलं बसचं तिकीटसुद्धा आत्याचं. पण खिडकीच्या काचेपलीकडे ती, अलीकडे मी, आणि मधे 'अवलंबून' हा शब्द दोरीवर वाळत घातलेल्या चड्डीसारखा. मी "एक मिनिट" म्हणून कागद ओढला, अंगठ्याने भाचा पुसला आणि शाईने लिहिलं : नाही. तिने वाचलं, खूण केली आणि म्हणाली, "पुढचा नंबर."

तीन आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. आपल्या पत्त्यावर दोन माणसं राहतात, पैकी एक आपण. दुसरी व्यक्ती आपल्यावर अवलंबून नसल्यास ती कोण, याचा खुलासा करावा. मी तिथल्या तिथे खुलासा केला : भाडेकरू. शब्दाला वजन होतं, मला आवडला. त्यावर उत्तर आलं की भाडं हे उत्पन्न आहे, ते अर्जात दाखवलेलं नाही, सबब शिक्का देता येत नाही. आत्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "भाडं कधी दिलंस रे? दिलं असशील आणि मी विसरले असेन तर सांग बाबा, वय झालंय माझं." मी तणतणत कचेरीत गेलो आणि सांगितलं की भाडं नाही, मी घरकाम करतो, त्याच्या बदल्यात राहतो. (करतो, मामा. ताटं मीच घासतो.) तर म्हणे मग तुम्ही नोकर, आणि अर्जदार बाई मालक. मालकाने स्वतःची नोंदणी करावी, नोकराचा विमा उतरवावा, पगारपत्रक जोडावं. मग मी पाहुणा झालो. पाहुणा नव्वद दिवसांपर्यंतच पाहुणा असतो असा तिथे नियम आहे. (हा नियम आपल्याकडे आला तर किती घरं वाचतील.) मला सात महिने झालेत.

तिच्या मागच्या टेबलावर शिक्केवाले साहेब बसतात. अख्ख्या कचेरीत शिक्का एकच, तो त्यांच्या खणात, आणि खणाची किल्ली त्यांच्या गळ्यात. ते दिवसभराचं पेंगुळलेपण आवरून उठले, माझ्याजवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही कोण आहात ते आधी घरी बसून ठरवा. मग रांगेत उभे राहा." मामा, पूर्वीचा मी असतो तर काउंटरवर काहीतरी आपटलं असतं. पण त्या दिवशी माझ्याकडे आपटण्याजोगं ओळखपत्रही नव्हतं. आणि खरं सांगू का, हल्ली चिडायचं म्हटलं तरी आधी कुठे बसायला मिळतंय का ते बघावं लागतं. अकरा वेळा गेलो त्या कचेरीत. बंद घड्याळाखालची खुर्ची आता मला ओळखते.

ती मात्र ओळखत नव्हती. माझ्या खिशात असायच्या दहा कविता आणि तिच्या लेखी मी कधी सत्याहत्तर नंबर, कधी एकशे चार. सगळं मन आत्याकडे मोकळं करायचो. रोज जेवताना सांगायचो, आज खिडकीवालीने निळी ओढणी घेतली होती, आज खिडकीवाली माझ्या मागच्या माणसाकडे बघून हसली, मला या खिडकीवाचून काही सुचत नाही. आत्या मान डोलवायची, "हो रे, करू काहीतरी" म्हणायची. माझा ऊर भरून यायचा, जगात कोणीतरी आहे म्हणून. मग एक दिवस सुतार आला. माझ्या खोलीची खिडकी काढून, रंधा मारून, नवीन बिजागऱ्या लावून गेला. तेव्हा मला कळलं की दोन महिने मी भिंतीशी बोलत होतो, आणि ती भिंत बिचारी माझ्यासाठी खर्च करत होती. मशीनसाठी बाजूला ठेवलेल्यातून.

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाराव्यांदा गेलो, नंबर घेतला, सहा नंबरपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, चौदाव्या रकान्यात मी खोटं लिहिलं होतं. मी त्यांचा भाचा आहे आणि मी अवलंबून आहे. तिने फाइल उघडली, माझं नाव वाचलं आणि मला नावाने हाक मारली. (फाइलीवरून वाचून, मान्य आहे. पण मारली.) म्हणाली, "हे पहिल्या दिवशीच लिहायचं ना. अठराच्या वरचा अवलंबून माणूस शिकत असेल तरच चालतो. तुम्ही शिकता ना?"

मी म्हणालो, हो.

ती म्हणाली, मग कॉलेजचा दाखला आणा. मी म्हटलं, बाहेरून परीक्षा देतो. ती म्हणाली, तेही चालतं, आणि दाखला यायचा असेल तर निदान कॉलेजकडे अर्ज केल्याचा पुरावा जोडा, त्यावर शिक्का देऊ, दाखला महिनाभरात. मुदत शुक्रवारी दुपारी एकपर्यंत. त्यानंतर हे वर्ष गेलं, दोन्हीकडून कापलेलंही गेलं. आज शुक्रवार आहे.

तर अशी सगळी हकीकत. तुम्हाला कसलीही तोशीस नको म्हणून केवळ खुशाली कळवण्यासाठी हे लिहिलं. मामींना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुमचा भाचा
(कचेरीच्या लेखी : भाडेकरू, नोकर, पाहुणा)

ता. क. १ : ~~~~~~~~~~ (खोडलं आहे.)

ता. क. २ : खोडलेलं उजेडात धरून वाचायची तुम्हाला हेडक्लार्की सवय आहे, म्हणून सांगूनच टाकतो. वर मी तुमच्याकडे मागच्या तारखेचा खोटा दाखला मागितला होता. कॉलेजचा शिक्का तुमच्याच खणात असतो, एकदा टेकवलात तर काय बिघडतं, अशा अर्थाचं. मी पाकीट शोधायला गेलो तेवढ्यात आत्याने पत्र वाचलं. तिला ऐकू येत नाही, पण वाचता फार चांगलं येतं. पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे ती खिडकी दुरुस्त करायची नव्हतीच होय." मग म्हणाली, "एकतीस वर्षांत मी एकही चुकीची लाइन जोडली नाही. चुकीची जोडली की पलीकडे भलताच माणूस बोलायला लागतो. माझ्या कानाला असलं मशीन नको." तेव्हा मामा, खरी विनंती ही : मला बाहेरून परीक्षेला बसायचं आहे. नाव पुन्हा दाखल करायचा फॉर्म पाठवा. हे पत्र म्हणजेच माझा अर्ज समजा. जाड भुवयांच्या सरांची माफी मी वेगळ्या कागदावर मागतो, ती त्यांचा मूड बघून द्या. लायब्ररीचं पुस्तक परत पाठवतोय. दंड माझ्या नावावर लिहा, आत्याच्या नाही.

ता. क. ३ : बारा वाजून पंचवीस. मी सरांना माफीनामा लिहीत बसलो होतो, तेवढ्यात आत्या कोपऱ्यावर जाऊन या पत्राची झेरॉक्स काढून आली आणि 'अर्ज केल्याचा पुरावा' म्हणून फाइलीत टाचूनही टाकली. सगळी पानं. निळ्या ओढणीचं पान, कवितांचं पान, मी खोटं 'हो' म्हणालो ते पान. पुरावे तपासणं हे सहा नंबरचंच काम, आणि ती फूटपट्टी धरून कशी वाचते ते मीच वर लिहून ठेवलंय. मी आत्याला हातवाऱ्यांनी म्हटलं, निदान खोडलेलं तरी काढू दे. ती म्हणाली, "राहू दे. खोडलं, हेही दिसतं त्यात." मी टाचणी काढली. दुसरा दोन ओळींचा अर्ज लिहायला पाच मिनिटं पुरली असती. तेवढ्यात फाइलीतल्या नव्या अर्जाच्या चौदाव्या रकान्याकडे लक्ष गेलं. तिथे माझ्या आधी आत्याने पुन्हा पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, भाचा. मी ते शाईने गिरवलं आणि टाचणी होती तिथे लावली. खिडकीवाली निदान शेवटपर्यंत वाचेल. मग एकशे चार नंबर म्हणायचं की नावाने, ते तिचं ती ठरवील.

पाकीट वाटेत पेटीत टाकतो. आत्या आतल्या खोलीत पाठमोरी बसून फाइलीची नाडी शोधतेय, ती माझ्या हातात आहे. किल्ली घेतली. दार हळूच ओढून घेतो. आपटलं तरी तिला ऐकू जाणार नाही, तरी हळूच.