न लावलेले तीन फोन

११ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय ताई,

वाकून नमस्कार, कंबर साथ देते तेवढाच. गुडघे कसे आहेत? की नवी काठी अजून कोपऱ्यातच उभी? इकडे आम्ही दोघं ठीक. खिडकीतल्या कुंडीला दोन कळ्या आल्यात.

दर रविवारी फोनवर तुला शाळेतली एक कविता म्हणून दाखवायची आपली रीत. तीन रविवार चुकले. तुझ्या सूनबाईला कळवलं, फोन बिघडलाय म्हणून. ताई, फोन धडधाकट आहे. मीच बिघडलोय. नुसतं 'हॅलो' म्हटलं असतं, तरी माझी भीती तुला ऐकू आली असती.

दाढी करताना गळ्यात गाठ हाताला लागली. थायरॉइडच्या ग्रंथीत, सुपारीएवढी. सुई घालून दोनदा तपासली. डॉक्टरीणबाई दोन्ही वेळा म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. अशा चारांत एखादी कर्करोगाची निघते. अर्धी ग्रंथी काढली तरच कळेल. नाहीतर सोनोग्राफी करत वाट बघू. ठरवा तुम्ही."

कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे पस्तीस वर्षं स्थानकात ठणकावून सांगितलं मी. माझी स्वतःची गाडी कुठे लागलीय, ते मात्र कुणी सांगेना!

त्यात ग्रंथीला खेटूनच आवाजाची नस जाते म्हणे. दुखावली तर आवाज घोगरा. बहुतेकदा तात्पुरता, क्वचित कायमचा. मला ते 'क्वचित' तेवढंच ऐकू आलं. म्हणालो, वाट बघू.

आणि चोरून एक उद्योग मांडला. ही बाजारात गेली की दार लोटून मोबाइलमध्ये कविता बोलून ठेवायच्या. नदीची झाली, पतंगाची झाली. परवा ही विसरलेली पिशवी न्यायला परत आली आणि दारात उभी राहून अख्खी कविता ऐकली.

"हे कुणासाठी डब्यात भरून ठेवताय?"

"तुझ्यासाठी. आवाज गेला तर."

"इतकी वर्षं ऐकून कान किटलेत माझे. घोगरे झालात तर शेजारी पेढे वाटतील." मग म्हणाली, "मला माणूस हवाय हो. आवाजाचं बघू नंतर."

आणि पिशवी न घेताच पुन्हा बाजारात गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना होकार कळवला. मंगळवारी ऑपरेशन आहे.

ताई, शाळेच्या संमेलनात मी तिसऱ्या कडव्याला अडकलो, तेव्हा पडद्याआडून तू ओळ पुरवली होतीस. बाई तुझ्यावरच ओरडल्या. घरी येताना तू म्हणालीस, "एवढा मोठा भोंगा, आणि ऐनवेळी बंद!" तेच नाव चिकटलं मला.

पुढच्या रविवारी फोन करेन. आवाज ओळखू आला नाही, तर 'कोण बोलतंय' असं विचारू नकोस. पहिली ओळ मी म्हणेन. दुसरी तू म्हण.

आवाज कसाही निघो, तुझाच,
भोंगा