बारा गायकांची पंगत

मामंजी,

परवा इंग्रजी गाण्यांच्या रेकॉर्डींचं पार्सल आलं. सोलची एक रेकॉर्ड, कव्हरची कड फाटकी म्हणून सहाशेला मिळाली. फंकची एक, साडेसातशे. रेगेची जोडी विकणारा चौदाशेला म्हणत होता, मी बाराशेवर आणली. वर टपालखर्च दीडशे. सगळ्या मिसळीच्या, म्हणजे एकाच रेकॉर्डीवर दहा-बारा निरनिराळे गायक, तुम्ही जमवायचात तशाच. पुण्याचा विकणारा फोनवर म्हणाला, "काकू, खरे शौकीन एकेका कलाकाराची घेतात. असल्या मिसळी घेणारं तुमच्यावाचून गिऱ्हाईक नाही." मी म्हटलं, मग स्वस्त लावा की!

पण लिहायला बसले ते पार्सलसाठी नाही. गेल्या रविवारी साताऱ्यात माजी सैनिकांच्या मेळाव्यात तुमची गाणी वाजली, आणि ती मी वाजवली. भरल्या हॉलमध्ये, खुर्चीवर बसून. ज्या सुनेनं तुमच्यासमोर कधी मान वर केली नाही, तिनं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते.

कवठे महांकाळच्या माळावरून मॅट्रिक होऊन तुमच्या घरात आले, तेव्हा गाणं म्हणजे मला देवळातलं भजन आणि जात्यावरची ओवी एवढंच ठाऊक. तुमच्या सोप्यात रेकॉर्डींची ती काळी ट्रंक. पेन्शनीत येण्याआधी तुम्ही पलटणीच्या मेसमध्ये हवालदार, साहेबलोकांच्या पार्ट्यांना रेकॉर्डी लावायचं काम तुमच्याकडे. पुढं मेसमध्ये टेप आला आणि रेकॉर्डी निकालात निघाल्या. नामांकित गायकांच्या होत्या त्या साहेबांनी उचलल्या, मिसळीच्या कुणाला नको होत्या, त्या तुम्ही आणल्यात. आत्याबाई म्हणायच्या, "लोकांनी पलटणीतून ब्लँकेटं आणली, आमच्या मालकानं तवे आणले, तेबी भाकरी न भाजणारे." तुम्ही हसायचात. म्हणायचात, "आगं, एकट्याची रेकॉर्ड म्हंजी एका घरचं जेवण. ही पंगत हाय. बारा जण बसवल्यात, पण कुणाच्या शेजारी कोण बसवायचा ह्यातच सगळी हुशारी."

पहिल्याच वर्षातली ती सकाळ. मी चुलीपुढं, पुढ्यात परात, भाकरी थापतेय. सोप्यात रेगे लागलंय. तेव्हा नाव कुठलं ठाऊक, मला ते रेंगाळत चालणाऱ्या बैलगाडीसारखं वाटायचं. एकाएकी गाणं बंद झालं. तुम्ही उंबऱ्याबाहेर खाकरलात. माझे हात थांबले, वाटलं थापण्याचा आवाज जास्त झाला असेल. तुम्ही म्हणालात, "थांबू नगंस पोरी. ढोल पडतो तिथं सगळेच टाळी देत्यात. तो पडून गेल्यावर जी जागा ऱ्हाती, तिथं तुजी थाप पडतीया. आमच्या मेसमधल्या एकाबी सायबाला ते जमलं न्हाई." आत्याबाई तिथंच होत्या. "आन् भाकरी करपली तर तुमचा ताल तव्यावर घालू व्हय?" त्या दिवसापासून तुम्ही सुई ठेवण्याआधी आत बघून विचारायचात, "पीठ मळलं का?"

बोलणीही खाल्ली मी. रेकॉर्ड पदरानं पुसली म्हणून. "पदर नगं! पदराला तेल असतंय, हळद असती." दुसऱ्या दिवशी रायफल पुसायच्या फलालीनचा एक तुकडा कडा शिवून माझ्या हातात दिलात. सासऱ्यानं सुनेला दिलेली भेट म्हणून शेजारणीला दाखवला, तर ती म्हणाली, "बाई, साडी तरी द्यायची." माझ्याकडं तो तुकडा अजून आहे. तुमच्यामागं ट्रंक माझ्याकडं राहिली, कारण तिच्यावर हक्क सांगायला कुणी आलंच नाही. आता त्या ट्रंकेची दोन कपाटं झालीत. घरखर्चातून वाचेल त्यात, देवाचं आणि दूधवाल्याचं आधी बाजूला काढून. सांजवात झाली, हरिपाठ झाला की एक बाजू ऐकते. खंडेनवमीला प्लेअरला झेंडू वाहते. हळदकुंकू मात्र झाकणावरच, आत सांडू देत नाही.

तुमच्याबरोबर मेसमध्ये असलेले सुभेदार मेळाव्याआधी घरी आले होते. काठी टेकत टेकत. "सूनबाई, तुज्या सासऱ्याची ती गाणी हायती का अजून? जेवणानंतर तासभर लाव की." मी हो म्हटलं. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, लोक हसतील. डीजे सांगितलाय, तो लावेल जुनी हिंदी." हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "हसले तर हसले. जेवणावर पचन होईल." पण माझी झोप उडाली. हसं झालं असतं तर ते माझं नव्हतं, मामंजी. जन्मभर ज्यांच्यात वावरलात त्या माणसांसमोर तुमचं झालं असतं. 'हवालदाराला काय कळत होतं' असं कुणी म्हटलं असतं, तर ती ट्रंक मी पुन्हा उघडली नसती.

पहिलं सोलचं लावलं. एक बाई पोटातून हाक मारते आणि मागचे सगळे तिला ओ देतात, ते. हॉलमध्ये पानसुपारी चाललेली. कुणीतरी म्हणालं, "आवाज बारीक करा, पेन्शनचं बोलतोय आमी." दुसरं फंकचं, त्यालाही कुणी वळून बघेना. डीजेवाला माझ्याकडं बघून घड्याळ दाखवायला लागला. मुलगा कोपऱ्यात खाली मान घालून उभा. मी ठरवलेला क्रम मोडला आणि रेगे लावलं. पुढच्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांनी टाळ्या धरल्या, पण ढोलावर, भजनात धरतात तशा. गाणं एकीकडं, टाळ्या एकीकडं. हशा झाला. झालं, म्हटलं. आणि काय अंगात आलं देव जाणे, मी खुर्चीवरून उठले, माईकवर बोलले, "आवं, तिथं न्हाई. तो पडून गेला की मग." आणि हवेतच भाकरी थापून दाखवली. पुरुष बघतच राहिले. पण मागं सैनिकांच्या घरच्या बायका बसलेल्या, बऱ्याचशा आमच्या भजनी मंडळातल्याच, त्यातली एक ओरडली, "आगं बया, ही तर भाकरी गं!" आणि मागच्या दोन रांगा थापायला लागल्या. एकही थाप चुकेना. पुढून पलटणीतले एक जुने नायक म्हणाले, "आता बायका शिकवणार व्हय आमाला?" मागून उत्तर आलं, "शिका की! जल्मभर खाल्ली न्हवं?"

पेन्शनचं बोलणं बंद पडलं. सुभेदार काठी पुढं धरून उभे राहिले आणि जागच्या जागी डुलायला लागले. मग मी एकामागून एक गाणं वाढत गेले, तिखटावर गोड, गोडावर आंबट, शेवटी एक संथ सोलचं. कुणी उठलं नाही. डीजेवाल्यानं आपण होऊन खुर्ची ओढली आणि बसला. सुभेदार सगळ्यांदेखत म्हणाले, "गड्याची पंगत बसली आज." मामंजी, लोकांनी हात जोडले, तो नमस्कार मी तुमच्यावतीनं घेतला. स्वतःसाठीही थोडा ठेवला.

निघताना सुभेदारांनी विचारलं, "त्याचं ते गिटार किंचाळणारं लावलं न्हाईस?" मी म्हटलं, वेळ पुरला नाही. वेळ होता, मामंजी. तुमच्या सगळ्यात लाडक्या त्या रॉकच्या रेकॉर्डी, पण मला त्या कधीच आवडल्या नाहीत. कपाळ उठतं. तुमच्यामागंही दर दिवाळीला एक विकत घेते, नैवेद्य वेगळा काढावा तशी तुमच्या नावानं, आणि न लावताच पुसून ठेवते. रविवारी पहिल्यांदा माझ्या मनानं पंगत मांडली आणि त्यांचं पान मांडलं नाही.

पाकीट आणलेलं नाही, वर पत्ता काय घालणार? पण पुढच्या महिन्यात सांगलीच्या माजी सैनिकांनी गाणी लावायला बोलावलंय, आणि घरात कुणाला न विचारता मी येते म्हणून बसलेय. तिथं तुमच्या रॉकला एक पान वाढू, की माझ्याच मनानं करू? उलट टपाली कळवा.