न दुखणारा पाय

अण्णा, काल शिर्डीतले, तुमच्या शेजारच्या गाळ्यातले हारवाले काका माझ्याकडे पाय दाखवायला आले. सुनेला घेऊन, एसटीने नगरपर्यंत. उजव्या अंगठ्याखाली जखम, तीत हळद भरलेली, वरून रुमाल. मी आता इथल्या दवाखान्यात तुमच्यासारख्या मधुमेहींच्या पायांच्या जखमा बघते. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते, त्यामुळे हे तुम्हाला सांगायला हवं. काकांनी मला आधी ओळखलं नाही. मग दारावरचं आडनाव आठवून म्हणाले, "आगं, तू व्हय! लई मोठी झाली. आता तरी हार सरळ ओवती का?" मी जखमेकडे बघत होते. किती दिवस झाले, असं विचारलं. "झालं आसंल पंधरा दिस. दुखत न्हाई म्हनून आलो नव्हतो." दुखत नाही म्हणूनच यायचं होतं, मी म्हटलं. "हळदीनं सुकत आलीय की." "हळद भाजीत टाका, काका." सुनेनं पदर तोंडाला लावला.

निर्जंतुक सलाईनने हळद धुवून काढायला बराच वेळ लागला. तुमच्या जखमेवर डॉक्टर फेसाळणारं औषध ओतायचे आणि फेस आला की घाण निघाली म्हणून आपण सगळे खूश व्हायचो. तो फेस नव्याने भरणाऱ्या मांसालाही इजा करतो, म्हणून आम्ही तो रोज वापरत नाही. जखम उघडी ठेवून वाळवतही नाही. थोडा ओलावा धरून ठेवणारं ड्रेसिंग लावतो, त्यात नवी कातडी लवकर पुढे सरकते. अँटिबायोटिक गोळ्याही सरसकट प्रत्येकाला देत नाही. काकांना लागणार होत्या, कारण भोवती लाली होती आणि कडेचं टणक कातडं ब्लेडने काढल्यावर खालून पू आला. मी कापत होते आणि काका भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. साखरेने पाय बधिर होऊन कापलेलंही ज्याला कळत नाही, त्याच्या पायावर माझा हात फार हळू चालतो.

मग बोथट टोकाची स्टीलची सळई. ती हाडाला टेकली की हाताला लगेच टणक लागतं, आणि मग बोट वाचवणं अवघड होतं. सून माझ्या तोंडाकडे बघतेय. सळई आत जातेय, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आत. थांबली. मऊ. दुसऱ्या बाजूने घातली. मऊच. तरी एक्स-रे काढायला सांगितला, कारण नुसत्या हातावर मी विश्वास ठेवत नाही.

खरं भांडण त्यानंतर झालं. त्या जागेवर भार पडत राहिला तर कुठलंही ड्रेसिंग उपयोगाचं नाही. भार टाचेकडे नेणारा जाड तळाचा बूट दिवसभर घालायला हवा. "देवाच्या हारापाशी बूट? गिऱ्हाईक उभं तरी ऱ्हाईल का? तुझ्या बापानं उभ्या जल्मात गाळ्यात चप्पल नेली न्हाई." म्हणून त्यांचा पाय गेला, मी म्हटलं. आवाज चढवला नव्हता. मग काका हळूच म्हणाले, "न्हाई गं. त्याच्या पायात हाराची सुई गेल्ती. समद्यांना ठावं हाय." शेवटी सूनच म्हणाली, "मामंजी, गाळ्यावर मी बसते. तुमी घरी बूट घालून बसा आन हार ओवा. का अंगठा देऊन येता हितं?" ते पुटपुटले, पण मापासाठी पाय पुढे केला.

जाताना मी सुनेला बजावलं: शेक द्यायचा नाही, आणि पाय धुवायचं पाणी आधी तुम्ही कोपर बुडवून बघायचं. "यांना कळंल की," ती म्हणाली. यांना कळणार नाही, मी म्हटलं, आणि कागदावर लिहून खाली रेघ मारली.

सुईची जखम बारीक होती अण्णा, ती भरत आली होती. त्या दिवशी सकाळी तुम्ही एका बाईंना कालचा झेंडू आजचा म्हणून सांगत होतात आणि मी मधेच "कालचा आहे" म्हणाले. बाई निघून गेल्या. "विचारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. संध्याकाळी शेकायला पाणी मागितलंत. मी बादली आणून ठेवते, तुम्ही पाय घालता, डोळे मिटून म्हणता, "झकास." सकाळी तळव्यावर तळहाताएवढा फोड. पुढचं सगळं त्या फोडातून झालं. लोकांनी सुईला दोष दिला आणि मी इतकी वर्षं तो तसाच राहू दिला, काल काकांसमोरसुद्धा. हे लिहिलेलंही मी कुणाला दाखवणार नाही.

बादली ठेवण्याआधी मी पाण्यात बोट घातलं होतं. चटका बसला. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी बोलले नाही.